सारस जोडीचा फोटो : पहिल्यांदा गोंदियाला जाणाऱ्यांसाठी

नर सारस मान ताणून उभा राहिला की पुरुषभर उंच दिसतो. सहा फुटांच्या आसपास उंची आणि पंख पसरले की आठ फुटांचा विस्तार. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. कॅमेरा घेऊन निघायच्या आधी हे आकडे मनात पक्के करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. शिंपी किंवा सूर्यपक्ष्याचा फोटो काढायला आठ-दहा मीटरवर जावं लागतं. सारसाला त्याची गरजच नाही. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्यावर ५०० मि.मी.ची लेन्स आणि पक्षी शंभर मीटरवर असा हिशेब केला, तर सारस फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची भरतो. साठ मीटरवर आला की डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावतो आणि जोडीतल्या दुसऱ्याची शेपटी फ्रेमबाहेर जायला लागते. ३०० मि.मी.ची साधी लेन्स असली तरी शंभर मीटरवरून फ्रेमच्या जवळपास एक तृतीयांश उंचीचा पक्षी मिळतो आणि सोबत त्याची बांधी (धानाचं शेत), पाणी, धुकंही येतं. थोडक्यात, जवळ जाण्याची धडपड करायचं काही कारण नाही.

नवीन लोक इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

कुठे आणि कधी

देशातले सर्वाधिक सारस उत्तर प्रदेशात आहेत. तो तिथला राज्यपक्षीही आहे. इटावा-मैनपुरीकडे रस्त्याला लागून असलेल्या शेतांत जोड्या दिसतात. गुजरातेत खेडा-आणंदच्या भातपट्ट्यात आणि राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातही आहेत. आयुष्यातला पहिला सारस बघायचा असेल आणि हाताशी दोनच दिवस असतील, तर भरतपूर सोपं पडतं. तिथे ठरलेल्या वाटा आहेत, सायकल-रिक्षा आहेत आणि पक्ष्यांना माणसांची सवय आहे.

महाराष्ट्रात मात्र सारस म्हणजे गोंदिया. थोडे शेजारच्या भंडाऱ्यात आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात. गोंदियातली संख्या गेल्या काही वर्षांत तीसच्या आगेमागे आहे. तीस जोड्या नव्हेत, तीस पक्षी! तुमच्यामुळे एका जोडीचं घरटं वाया गेलं, तर साऱ्या राज्याच्या त्या वर्षीच्या पिल्लांमधला मोठा वाटा गेला. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण गोंदियात गाडीतून उतरताना हे माहीत असायला हवं.

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही गाड्या गोंदियालाच संपतात. हा तलावांचा जिल्हा. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही ‘मामा तलाव’ म्हणतात, ते आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, हे सारसाचं घर. परसवाडा, झिलमिली हे तलाव पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीचे आहेत. पण सारस तलावाला बांधलेला नसतो. सकाळी तलावाच्या उथळ काठावर, दहा वाजता पाळीखालच्या (तलावाच्या बांधाखालच्या) बांधीत आणि संध्याकाळी पुन्हा पाण्यात, असा त्याचा दिवस जातो.

आता हंगाम. जुलै ते सप्टेंबर हा विणीचा काळ. धानाच्या बांधीत किंवा तलावातल्या देवधानाच्या (आपोआप उगवणाऱ्या रानधानाच्या) दाटीत ही जोडी काड्या, गवत, पानं रचून दीड-दोन मीटर रुंदीचा मंच उभारते. अंडी बहुधा दोन. नर-मादी दोघंही आळीपाळीने महिनाभर उबवतात. सतराव्या शतकात जहांगीर बादशहाने पाळलेल्या एका सारस जोडीला लैला-मजनू नावं दिली होती आणि ती दोघं अंडी कशी वाटून उबवतात, याचं बारीक निरीक्षण नोंदवून ठेवलं होतं. तुम्ही मात्र या काळात घरट्याकडे फिरकू नका. घरट्यावरचा फोटो नवख्याने काढायचाच नाही, हा माझा ठाम सल्ला. जोडी उठून गेली की अंडी उघडी पडतात आणि कावळे, कुत्री हे सगळं लांबून बघतच असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणंही येतं.

फोटोसाठी उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. धानकापणी झालेली असते, बांध्या मोकळ्या असतात, सांडलेले दाणे टिपायला जोडी खाली येते, उभ्या पिकाचा अडथळा नसतो आणि सूर्य दिवसभर तिरका राहतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सप्टेंबरात अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू उडायला साधारण तीन महिने घेतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात जोडीसोबत तांबूस-तपकिरी डोक्याचं पिल्लू दिसलं, तर ते उडू शकत नाही असंच धरून चाला आणि अंतर दुप्पट ठेवा.

पहिला दिवस कॅमेऱ्याविना

नवीन माणसाला हे जड जातं, पण पहिली सकाळ फक्त दुर्बीण घेऊन जा. आठ-बेचाळीसची साधी दुर्बीण पुरे. त्या सकाळी चार गोष्टी टिपून घ्यायच्या: जोडी रात्री कुठे थांबली होती, उजाडल्यावर कोणत्या बाजूने खायला निघाली, ऊन कुठून येतं आणि गावातली माणसं कोणत्या धुऱ्याने (बांधीच्या बांधाने) ये-जा करतात. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सारसांना रोजच्या माणसांची रोजची वाट पाठ असते. डोक्यावर भारा घेतलेली बाई पंचवीस मीटरवरून गेली तरी ते मान वर करत नाहीत. मात्र एखादा अनोळखी माणूस दीडशे मीटरवर थबकून त्यांच्याकडे एकटक बघू लागला, की लगेच सावध होतात.

याच सकाळी ओळख पक्की करा. लांबून राखी बगळा आणि सारस यांत घोटाळा होतो. उडताना बघितलं की शंका राहत नाही: बगळा मान दुमडून उडतो, सारस मान सरळ पुढे ताणून. उभा असेल तर अंगाचा राखाडी रंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग पिसांविना लालभडक, टाळूवर राखाडी-हिरवट कातडी, लाल पाय. नर-मादी दिसायला सारखेच. नर थोडा मोठा असतो, पण दोघं शेजारी उभे असल्याशिवाय ते कळत नाही. खरा फरक आवाजात आहे, तोही पुढे येईल.

आणि माणसांना भेटा. बांधी कुणाची आहे ते विचारा, त्यांना घरी जाऊन भेटा, कशासाठी आलो ते सांगा, कुठे बसू ते त्यांनाच विचारा. गोंदियात सारस टिकला तो त्याला आपल्या बांधीत राहू देणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. ‘सेवा’सारख्या स्थानिक संस्थेने गावोगावच्या लोकांना सोबत घेऊन या पक्ष्यांवर लक्ष ठेवलं आहे आणि उन्हाळ्यात वनविभागाबरोबर गणनाही होते. घरटं करताना सारस थोडंफार पीक आडवं करतो. ते नुकसान ज्यांनी सोसलं, त्यांच्या धुऱ्यावर न विचारता बसणं बरं नाही. धुऱ्यावरून चालताना त्याची माती ढासळणार नाही एवढं पाहा. ओला धुरा फुटला की बांधीतलं पाणी वाहून जातं.

सोबत काय घ्यावं

कॅमेरा कोणताही चालेल. लेन्स ४०० मि.मी.च्या पुढची असली तर काम सोपं होतं. १००-४००, १५०-६०० किंवा २००-६०० यांपैकी जी मित्राकडून मिळेल किंवा भाड्याने परवडेल ती घ्या. नवी घ्यायची घाई करू नका. तिपाईपेक्षा मला कापडी पिशवी आवडते. जीन्सच्या कापडाची पिशवी शिवून रिकामीच न्यायची आणि गोंदियात दोन-तीन किलो धान भरून घ्यायचं. धुऱ्यावर, गाडीच्या खिडकीवर किंवा पाळीच्या दगडावर ठेवली की लेन्स तिच्यात छान बसते, हलत नाही आणि मुख्य म्हणजे तुम्ही खाली राहता. तिपाई लावून उभा राहिलेला माणूस बांधीत विजेच्या खांबासारखा दिसतो.

कपडे मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे असावेत. पांढरा आणि भगवा नको. छद्मवेशाचे महागडे कपडे घ्यायची काही गरज नाही. बसायला रबरी चटई, कारण डिसेंबरातला धुरा दवाने भिजलेला असतो. लेन्सचं हूड कायम लावून ठेवा, म्हणजे दव समोरच्या काचेवर बसत नाही. सकाळच्या गारठ्यातून कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणलात तर आतबाहेर ओल धरते. म्हणून बाहेरच पिशवीत बंद करा आणि खोलीत गेल्यावर तासभर उघडू नका.

जागेवर पोचणं

पहाट होण्याआधी जागा धरायची. जोडी येण्याआधी तुम्ही तिथे बसलेले असावेत. जोडी आल्यावर तिच्याकडे चालत जायचं नाही. सकाळी जोडीच्या पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला बसलात की ऊन तुमच्या पाठीशी राहतं. तलावाची पाळ चांगली जागा आहे, पण पाळीच्या माथ्यावर नको. तिथे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसते. उतारावर, एखाद्या पळसाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला बसा. कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवता येत असेल तर गाडीतूनच काढा. इंजिन बंद, दार उघडायचं नाही आणि खिडकीत धानाची पिशवी. सारस गाडीला फारसे बिचकत नाहीत, गाडीतून उतरलेल्या माणसाला बिचकतात.

कधी थोडं सरकावंच लागलं तर सरळ रेषेत सरकू नका. जोडीच्या बाजूने तिरकं जायचं, नजर दुसरीकडे ठेवायची, दहा पावलांवर थांबायचं, बसायचं. दोघांनी पुन्हा चोच खाली घातली तरच पुढची दहा.

माझी चूक सांगतो. डिसेंबरातल्या एका सकाळी मी जोडीकडे सरळ चालत गेलो होतो. दोन्ही पक्षी मान उंच करून माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, वा, काय छान पोज दिलीय. मागच्या धुऱ्यावरून एका काकांनी हळू आवाजात म्हटलं, “उभे नोका राहू भाऊ. बसून जा.” मी बसलो. खाली बसल्यावर तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगापलीकडे पिल्लू दिसलं. ते अंग चोरून जमिनीला चिकटून बसलं होतं. मला ते इतका वेळ दिसलंच नव्हतं आणि आई-बाप मात्र त्याच्या आणि माझ्या मधोमध येऊन उभे होते. पंधरा-वीस मिनिटांनी नराने मान खाली घातली. मग मादीने. मग पिल्लू उठलं. त्या ‘पोज’चे चाळीसेक फोटो मी नंतर पुसून टाकले, कारण प्रत्येकात भीतीच दिसत होती.

म्हणून जोडीची भाषा शिकून घ्या. सगळं ठीक असतं तेव्हा एक खातो आणि दुसरा अधूनमधून मान वर करतो. दोघं एकाच वेळी खायचं थांबून माना सरळ, ताठ करू लागले, की तुम्ही दिसलात. मग घशातून खालच्या पट्टीतला गुरगुरल्यासारखा आवाज येतो. त्यानंतर दोघं एकाच दिशेने, खात नसताना, संथ पण ठाम चालू लागतात. पंख अर्धवट सोडून, मान पुढे झुकवून वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं की पुढची पायरी उड्डाणाची. पहिल्या खुणेलाच थांबायचं. दुसऱ्या खुणेला मागे सरकायचं. तिसरीपर्यंत वेळ येऊ देऊ नका. किती मीटर अंतर ठेवायचं असं सगळे विचारतात. मी आकडा देत नाही. गावागणिक आणि जोडीगणिक ते बदलतं. जोडीचं खाणं चालू राहिलं तर अंतर बरोबर.

कॅमेऱ्याची मांडणी

शटर, म्हणजे फोटो सेकंदाच्या कितव्या भागात टिपायचा ते, आधी ठरवा. सारस संथ चालतो, त्यामुळे नुसता चरत असेल तर १/५०० पुरतं. पिसं साफ करणं, मान झटकणं यासाठी १/८००. नाचाला आणि उड्डाणाला १/१६०० ते १/२०००. पंखांची फडफड संथ वाटते, पण टोकाची पिसं वेगाने फिरतात. मॅन्युअल मोडवर शटर आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) धरून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडणं नवख्याला सगळ्यांत सोयीचं. पहाटे आयएसओ ३२०० वर गेला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

जोडीचा फोटो म्हणून अॅपर्चरकडे जास्त लक्ष द्या. एकट्या पक्ष्याला एफ/६.३ चालतं (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं). पण क्रॉप सेन्सर, ५०० मि.मी. आणि साठ मीटर अंतर असेल तर एफ/६.३ ला साधारण साडेतीन मीटरच खोली स्वच्छ येते. दुसरा सारस चार पावलं मागे असेल तर तो मऊ पडणार. एफ/११ केलं की खोली सहा मीटरच्या पुढे जाते. याहून सोपा उपाय म्हणजे वाट बघणं. चरता चरता दोघं कधी ना कधी तुमच्यापासून सारख्या अंतरावर, शेजारी शेजारी येतातच. तेव्हा एफ/८ वर काढा. हाच हिशेब शंभर मीटरवर केला तर एफ/८ लाही बारा मीटरहून जास्त खोली मिळते. लांब बसण्याचा हा आणखी एक फायदा.

फोकस डोळ्यावर हवा, पण सारसाचा डोळा नारिंगी-तांबडा आणि तोही लाल कातडीत. कॅमेऱ्याची डोळा ओळखणारी सोय कधी कधी गोंधळते, विशेषतः मध्ये धानाचं खुंट किंवा गवताची काडी आली तर. मग एकच बिंदू निवडून तो मानेच्या बुडाशी ठेवा. तिथे राखाडी पिसांची पोत असते, फोकस पटकन बसतो.

उजेडाचं मापन दोन ठिकाणी फसवतं. धुक्यात सगळं पांढुरकं असतं आणि कॅमेरा फोटो मळकट करतो. तिथे पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). याउलट, कोवळ्या उन्हात हिरव्यागार उन्हाळी धानासमोर उभा असलेला सारस असेल तर पाठीवरची फिकट पिसं आणि मानेखालचा पांढरट पट्टा जळतो. तिथे अर्धा स्टॉप कमी करा. लाल डोकं तर हमखास फसवतं. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि डोक्यावरच्या कातडीची सगळी खरबरीत पोत निघून तिथे एक सपाट लाल डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि रॉ मध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

साडेनऊ-दहानंतर कापलेल्या बांधीवरून गरम हवा उठू लागते. दुर्बिणीतून बघितलं तर पक्षी पाण्याखाली असल्यासारखा लहरतो. त्यावर कोणत्याही लेन्सचा इलाज नाही. कॅमेरा आवरा, गावात जाऊन चहा प्या, चारनंतर परत या.

ज्या क्षणांसाठी थांबायचं

सारस जोडीची हाक आयुष्यात एकदा तरी जवळून ऐकायला हवी. श्वासनलिका छातीच्या हाडाच्या आत वेटोळं घालून बसलेली असते, त्यामुळे आवाज तुतारीसारखा घुमतो आणि मोकळ्या रानात किलोमीटरभर लांब सहज ऐकू जातो. हाक देण्याआधी दोघं जवळ येतात, शेजारी उभे राहतात, माना सरळ करतात. ही तयारीची दोन-तीन सेकंदं ओळखता आली तर फोटो मिळाला. मग नर पंख पाठीवर उचलून चोच थेट आभाळाकडे करतो आणि लांब स्वर काढतो. त्याच्या एका स्वराला मादी दोन-तीन तोकड्या स्वरांनी साथ देते. नर कोण आणि मादी कोण, ते इथे कळतं. चोचा वर जाणार म्हणून फ्रेममध्ये वर भरपूर जागा सोडा. पहिल्यांदा सगळ्यांच्याच चोचा कापल्या जातात. लेन्स झूम असेल तर थोडी मागे घ्या. थंडी कडक असेल आणि ऊन पक्ष्यांच्या मागून येत असेल, तर गडद झाडीसमोर चोचीतून निघणारी वाफ दिसते. त्यासाठी नेहमीची पाठीमागच्या उन्हाची जागा सोडून एखादी सकाळ मुद्दाम उन्हाच्या समोर बसायला हरकत नाही.

हाक रेकॉर्ड करा, पण मोबाइलवर वाजवू नका. सारस आपल्या हद्दीबाबत फार जागरूक असतात. नकली हाकेला ते धावून येतात, फोटो मिळतो आणि त्यांचा अर्धा दिवस त्या न दिसणाऱ्या शत्रूच्या शोधात जातो.

नाच अचानक सुरू होतो. एक जण काडी किंवा ढेकूळ उचलून हवेत फेकतो, मान लववतो, पंख उघडून उडी मारतो, दुसरा प्रतिसाद देतो. शंभर मीटरवर ५०० मि.मी.च्या फ्रेमची रुंदी पावणेपाच मीटर भरते आणि दोन सारसांचे उघडे पंख मिळून तेवढेच होतात. म्हणून नाच दिसताच झूम मागे. मागे घेता येत नसेल तर एकाच पक्ष्यावर फोकस धरून ठेवा. दोघांच्या मागे धावलात तर एकही हाती लागत नाही.

उड्डाणाचं गणित सोपं आहे. वजन सहा-आठ किलो असल्याने सारसाला धावत सुटून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उठावं लागतं. म्हणून बसल्या बसल्या चिमूटभर सुकं तणस सोडून वारा बघून ठेवा. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर ते तुमच्याच दिशेने उठतील. सकाळी चरायला निघताना ते आपसूक उडतात, तो फोटो घ्या. फोटोसाठी म्हणून उडवायचं नाही, कधीच नाही. विजेच्या तारा हे सारसांच्या मृत्यूंमागचं एक मोठं कारण आहे. घाबरून वेडंवाकडं उठलेला पक्षी तारांत जाऊ शकतो.

आणि मला सगळ्यांत आवडणारे फोटो या तिन्हींतले नाहीत. नराने चिखलातून कंद उकरून काढायचा, पाण्यात खळबळायचा आणि पिल्लापुढे ठेवायचा. पिल्लू तो उचलतं, त्याच्याकडून निसटतो, नर पुन्हा उचलून देतो. तीन-चारदा हे चालतं. मादी तोवर दहा पावलांवर पाठ करून पिसं साफ करत असते. हे बघायला दोन-तीन तास न हलता बसावं लागतं. एवढा वेळ बसलात तर एकटाच पक्षी मोठा दाखवायचा हट्टही आपोआप सुटतो आणि पाळ, शिंगाड्याच्या वेली, मागून जाणारी बैलगाडी सगळं फ्रेममध्ये येऊ लागतं. येऊ द्या. सारस हा माणसांच्या शेतात राहणारा पक्षी आहे. शेत कापून टाकलेला त्याचा फोटो मला तरी अपुरा वाटतो.

ड्रोन नको, फ्लॅश नको, दाणे टाकून बोलावणं नको. जखमी किंवा तारेत अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः पकडायला जाऊ नका, त्याची चोच मोठी इजा करू शकते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गावातल्या माणसांना सांगा.

घरी आल्यावर

फोटो टाकताना गावाचं, तलावाचं नाव लिहू नका, ‘गोंदिया जिल्हा’ एवढं पुरे. मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप असते, ती आधी काढून टाका. घरट्याचा फोटो चुकून लांबून मिळाला असेल तरी विणीच्या काळात टाकू नका. एका फोटोमागून पुढच्या रविवारी दहा गाड्या येतात. तारीख, वेळ, मोठे किती आणि पिल्लं किती ही नोंद मात्र नीट लिहून स्थानिक संस्थेला किंवा वनविभागाला कळवा. पिल्लू सोबत असलेल्या जोडीची तारखेसह नोंद गणनेच्या कामी येते.

पुढच्या खेपेला जाताना दोन-चार प्रिंट काढून न्या, मोठ्या नकोत, आठ-दहा इंचांच्या. ज्या काकांनी मला बसवलं होतं, त्यांना मी त्याच जोडीचा, पिल्लू मध्ये आणि मागे त्यांची बांधी असा एक फोटो दिला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ बघितला, मग पिल्लाच्या मागच्या धुऱ्यावर बोट ठेवून घरातल्यांना हाक मारली. त्या धुऱ्यावर त्यांची सून रोवणीसाठी पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायची जागा साफ करत होती. फोटो काढताना ती मला दिसलीच नव्हती.